मला वाचता येत नाही, हे कळलं तेव्हा

आमच्या घरात पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं ते आत्याचे डोळे गेले म्हणून. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. चातुर्मासात दुपारच्या भाकरी झाल्या की राजपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायका आमच्या पुढच्या खोलीत जमायच्या आणि आत्या पाटावर बसून पोथी वाचायची. मी अगदी लहान असल्यापासून तिच्या गुडघ्याला टेकून बसत असे, पानं उलटायचं काम माझं. पुढे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. तोवर मी मराठी शाळेची चौथी पास होऊन घरी बसले होते, त्यामुळे पोथी आपोआपच माझ्यापुढे सरकली. मी स्वभावाने भित्री. दारात कोणी आलं तर पाण्याचा तांब्या देऊन आत पळायची. पण पोथी वाचताना मान खाली असते, कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, म्हणून ते मला जमत होतं. बायका म्हणायच्या, "द्वारकीचं वाचणं म्हणजे तेलाची धार." पोथीचा एक दंडक होता. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही. मूल रडलं तरी नाही, चुलीवर काही करपलं तरी नाही. एक जरी उठली तरी सगळ्यांचं ऐकलेलं वाया जातं, असं आत्या सांगायची.

आम्ही साळी. मागच्या खोलीत दादांचा हातमाग होता आणि घराला खळीचा, म्हणजे सुताला लावायच्या कांजीचा, आंबूस वास कायमचा लागलेला असे. तो वास मला अजून कुठे आला की भूक लागते, कारण खळ शिजवून झाली की त्याच चुलीवर माय कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी टाकायची, आणि ठेच्यावर कच्चं तेल ओतून आम्ही तिथेच खायचो. मी आणि माय रहाटावर सुताच्या कांड्या भरायचो. ती कांडी पोटात घेऊन दादांचा धोटा मागावर इकडून तिकडे जायचा, त्याचा खटक्-खटक् आवाज दिवसभर चालायचा. पलीकडच्या मोमीन विणकरांच्या गल्लीतून तसाच आवाज यायचा, आणि त्यात कुठेतरी नव्या विजेच्या मागांची घरघर मिसळायला लागली होती. ती ऐकली की दादा क्षणभर थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे. बाहेर ओट्यांवर पुरुष वेगळ्याच गोष्टींवर भांडत. आपला मुलूख कोणत्या राज्यात जाणार, मराठी शाळा राहणार की नाही. कचेरीच्या पाट्या बदलत होत्या. आम्हा बायकांना त्यातलं एवढंच कळत होतं की आता सरकारी कागद हिंदीत येणार.

त्याच सुमाराला गावात नवं सूतिकागृह निघालं आणि तिथे खांडव्याहून एक नर्सबाई आल्या. पांढरं पातळ, पायांत बूट, हातात घड्याळ. त्या गल्लोगल्ली फिरून गरोदर बायकांची चौकशी करायच्या आणि बायका त्यांना दारातूनच वाटेला लावायच्या. एक दिवस त्या आमच्याकडे आल्या तेव्हा पोथी चालू होती. दंडक त्यांना ठाऊक नव्हता, पण त्या उंबऱ्याजवळ बसल्या आणि अध्याय संपेपर्यंत बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कितना साफ पढ़ती है तू! चौथी पास है?" मी मान हलवली. त्या मायला सांगू लागल्या की खांडव्याला सरकारी दाईचं शिक्षण सुरू होतंय, चौथी पास आणि नीट वाचणाऱ्या मुली हव्यात, राहणं-जेवण तिथेच, आणि नंतर नोकरी. माय हसून म्हणाली, "बाई, आमची पोर तर पाहुणा आला का कोठीमागं लपते. ती काय लोकांच्या जचक्या करीन?" पण मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. विजेच्या मागांची घरघर मलाही ऐकू येत होती. दादांचा माग फार दिवस चालणार नाही हे घरात कोणी बोलत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. कोणीतरी मला बघून, तू काहीतरी करू शकशील, असं पहिल्यांदाच म्हटलं होतं.

मी मायला न जुमानता, दादांना विचारून, सूतिकागृहात गेले. त्या वेळी माझ्यात ते बळ कुठून आलं ते मला आजही सांगता येत नाही. नर्सबाईंनी मला स्टुलावर बसवलं आणि एक छापील पुस्तक उघडून हातात दिलं. "कहीं से भी पढ़।" मी पान बघितलं. अक्षरं सगळी ओळखीची होती, क सुद्धा, म सुद्धा. पण ती पुढे सरकेनात. एक अक्षर बोलून दुसऱ्यावर जाईपर्यंत पहिलं सुटून जायचं. जोडाक्षर आलं की भिंत. मी पोथीचा सूर लावून पाहिला, तर सूर निघाला आणि शब्द नाहीत. मला वाटलं हिंदी आहे म्हणून असेल. नर्सबाईंनाही तेच वाटलं, त्यांनी टेबलावरचं एक मराठी पत्रक दिलं. तेही तसंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "पोथी तुझे याद है, बेटी," त्या म्हणाल्या. "तू पढ़ती नहीं है।"

घरी येऊन मी पोथी उघडली आणि मधलंच एक पान काढून मधलीच एक ओळ बघितली. खरंच होतं. मागची ओळ जिभेवर असेल तरच ही ओळ येत होती. इतकी वर्षं माझं बोट ओळीवरून फिरत होतं आणि आवाज कुठून तरी दुसरीकडून येत होता. चौथी पास होऊन शाळा सुटल्यावर मी दुसरं काही हातातच धरलं नव्हतं. आलेलं होतं तेही गंजलं होतं, आणि त्यावर रोज पोथीचा सूर चढत असल्यामुळे मला ते कळलंच नव्हतं. मी रडत आत्याकडे गेले. ती जपमाळ घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग माळ मांडीवर ठेवून हळूच म्हणाली, "मले तरी कुठं येत होतं गं. माझ्या सासूचं ऐकू ऐकू पाठ झालं. तिनं तिच्या सासूचं ऐकलं असंन." माझे डोळे चांगले आणि तिचे गेलेले, एवढाच काय तो आमच्या दोघींत फरक होता.

आता माझी नातसून मोबाइलवर कोणाचं तरी बोलणं ऐकत स्वयंपाक करते. रोज दहा पानं वाचा, एकच वेळ ठरवा, मोबाइल दूर ठेवा, बघा आयुष्य कसं बदलतं. मला ऐकायला आवडतं. सगळं खरंच आहे ते. फक्त एक गोष्ट तो माणूस सांगत नाही, ती ही की आपल्याला येतं असं ज्याला वाटतं त्याचं शिकणं फार अवघड असतं. आधी ते येतंय हे वाटणं उपटून काढावं लागतं, आणि ते चारचौघांत काढावं लागलं तर जीव नकोसा होतो.

मी नर्सबाईंकडे परत गेले. म्हणजे दारापर्यंत गेले, त्यांनीच आत बोलावलं. त्या म्हणाल्या, खांडव्याला नावं दिवाळीनंतर पाठवायची आहेत, तोवर वाचायला शीक, मग पुन्हा बघू. शिकवायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी एवढंच सांगितलं, "जो याद है वो मत पढ़। रोज नया पढ़।" आता नवं आणायचं कुठून? आमच्या घरात छापलेलं असं पोथीशिवाय काही नव्हतं. मग मी वाण्याच्या पुड्या जपायला लागले. मीठ-मिरची डब्यात ओतली की कागद सरळ करून रहाटापुढच्या भिंतीला खळीने चिकटवायचा, आणि उजव्या हाताने रहाट फिरवत, डाव्या हातात सूत धरून वाचायचा. कागद कधी हिंदी, कधी मराठी, कधी अर्धाच फाटलेला. कुठल्या तरी शेठच्या मुलाच्या लग्नाची बातमी मी वाचायची आणि जेवणावळीत काय वाढलं ते फाटलेल्या भागात गेलेलं असायचं. एक कागद दोन दिवस वाचला की पाठ व्हायला लागायचा, मग तो काढून दुसरा लावायचा. मायला भिंत खराब झाल्याचा राग. "लोक देव लावते भिंतीले, आमच्या घरी हळदीच्या पुड्या!"

दादा अंगठेबहाद्दर होते. पण माग चालवणाऱ्याचा कान फार तीक्ष्ण असतो. धोट्यातली कांडी संपली की आवाज बदलतो, आणि ते न बघताच थांबायचे. मी मोठ्याने वाचत असले की पाठमोरेच ओरडायचे, "रिकामा चालला गं!" म्हणजे मी अंदाजाने पुढचा शब्द ठोकून दिला होता. मी मागे जाऊन बघायची, तर खरंच तिथे दुसरंच काही असायचं. त्यांना अर्थ कळत नव्हता, अक्षर कळत नव्हतं, पण माझा आवाज कधी कागदावरून येतो आणि कधी नुसता हवेतून, ते कळायचं. मला चिडून रडू यायचं. बोटांना सुताने चिरा पडलेल्या, डोळे चुरचुरणारे, आणि एवढं करूनही एक वाक्य पुरं व्हायला भाकर थापून व्हावी एवढा वेळ लागायचा. दादा म्हणायचे, "लागू दे. भरला चालू दे, सावकाश चालू दे."

आणि रोज दुपारी पोथी होतीच. सुरू केलेली पोथी अर्धी सोडायची नसते. पण मला आता पूर्वीसारखी वाचता येईना. ओळीवर डोळा ठेवून खरंच वाचायला गेले की अडखळायची, आणि न बघता म्हणायला गेले की लाज वाटायची. तेलाच्या धारेत खडे आले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. समोरच्या घरातली मथुराकाकू तोंडाने तिखट. ती म्हणाली, "काय गं द्वारके, दवाखान्यात जाऊ जाऊ जीभ बाटली का तुझी?" सगळ्या हसल्या. तिची सून गोदी हसली नाही. गोदी माझ्याच वयाची, आम्ही एकाच वर्गात होतो, तिने दुसरीतच शाळा सोडली आणि पुढे काकूच्या घरात नांदायला आली. तिला तेव्हा दिवस भरत आले होते आणि सुटका नीट व्हावी म्हणून तिने पूर्ण पोथी ऐकायचा नवस केला होता. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती बसायची आणि मी अडले की डोळ्यांनीच म्हणायची, हं, पुढं. एकदा जाताना कानात म्हणाली, "आता कुठं मले समजून राहिलं, तू काय वाचतेस ते. पहिले नुसतं गाणं लागायचं." त्या दिवसांत मला चांगलं म्हणणारी ती एकटीच.

तिला कळा लागल्या त्या दिवशी सकाळी मी कांड्या भरत होते. दुपारपर्यंत मूल आलं नाही. सुईण आत होती. मग मथुराकाकू स्वतः आमच्या दारात आली. "तिचा नवस अर्धा राहिला म्हणून अडलं. चल, राहिलेला अध्याय तिच्या उंबऱ्यावर वाच. आणि पहिल्यासारखा वाच, तुझं ते अडखळणं नको आज." मी पोथी घेऊन गेले. आतून गोदीचा आवाज येत होता. मी बसले, बायका बसल्या, आणि मी पोथीकडे न बघता, डोळे मिटून, पूर्वीसारखी म्हणू लागले. काय सुरेख निघालं ते. एक शब्द अडला नाही. मध्येच सुईण दारात येऊन म्हणाली, "हात आला बाहेर." कोणी तरी पुटपुटलं, नर्सबाईला बोलवावं का. मथुराकाकूने हाताने खूण केली, बसा. अध्याय चालू होता. तो अध्याय मोठा होता. कोणी उठलं नाही. मीही नाही.

संपल्यावर गोदीचा नवरा धावत गेला. नर्सबाई टांग्यातून आल्या, आत गेल्या, आणि गोदीला त्याच टांग्यात घालून घेऊन गेल्या. गोदी वाचली. मूल गेलं होतं. मुलगा होता.

गल्लीत दुसऱ्या दिवशीपासून सुरू झालं. द्वारकीने महिनाभर पोथी अडखळत वाचली, देवाचं वाचणं तोडून तोडून केलं, ते भोवलं. माझ्यासमोर कोणी म्हणालं नाही, पण विहिरीवर मी गेले की बोलणं थांबायचं. पोथीच्या समाप्तीला दरवर्षी आमच्याकडे दराबा, रव्या-तुपाचं गोड, व्हायचा, सगळी गल्ली खाऊन जायची. त्या वर्षी मायने परातभर केला आणि तो आम्हीच खाल्ला, कडू तोंडाने. मायने भिंतीवरचे कागद ओरबाडून काढले. "पुरे झालं तुझं वाचणं. उद्या कोण करीन तुले?" दादा मध्ये पडले नाहीत. ते माग चालवत राहिले. मला स्वतःलाही आतून वाटत होतं की बायका म्हणतात तेच खरं असेल. मी घरात बसले. वाचणं सोडलं. पण सवय विचित्र असते. रहाट फिरवताना डोळे भिंतीवर जायचे, तिथे चिकटून राहिलेले कागदाचे तुकडे दिसायचे, आणि मी न ठरवता ते वाचलेले असायचे. अडखळत नाही, एकदम. अक्षर-अक्षर लावायच्या आधीच शब्द आत शिरलेला असायचा. ज्या गोष्टीसाठी मी रडले ती मला नको असताना आली होती.

दिवाळी झाल्यावर नर्सबाईंनी निरोप पाठवला. मी जाणार नव्हते. दादा म्हणाले, "जाय. नाही म्हणायचं असंन तर तोंडानं सांगून ये." मी गेले. त्यांनी तेच पुस्तक काढलं आणि मधूनच उघडून दिलं. मी वाचायला लागले. हळूच वाचत होते, पण थांबत नव्हते. पुस्तकी हिंदीतले काही शब्द कळत नव्हते, बाकी कळत होतं. गर्भात मूल आडवं असेल तर काय होतं, ते त्या पानावर होतं. मग पुढची ओळ आली. "यदि बच्चे का हाथ पहले बाहर आए, तो प्रतीक्षा न करें। माता को तुरंत अस्पताल भेजें।" तिथे माझा आवाज बंद झाला.

"अटक गई?" नर्सबाई म्हणाल्या.

"नाही," मी मराठीतच बोलले. "समजलं."

त्यांनी पान बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "नाम भेज रही हूँ तेरा।" मी ते नीट ऐकलंही नाही. मी विचारलं, हे पुस्तक एक दिवस नेऊ का. आजवर मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

मथुराकाकू बाजाराला गेलेली बघून मी गोदीकडे गेले. ती रहाटावर होती, वाळून काटकी झालेली. मला बघून उठली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. मी तिच्याजवळ बसले, पुस्तक उघडलं आणि ते पान वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत, एकेक ओळ. हाताची ओळ आली तेव्हा तिचा रहाट थांबला. मी पान वाचून संपवलं. बाहेर कोणाच्या तरी मागाचा आवाज चालू होता.

"म्हणजे तुझ्या अडखळण्यानं नाही झालं," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या नवसानंही नाही."

"नाही."

"हात आला तवा अध्याय चालू होता."

मी मान खाली घातली. तिला माझ्या उत्तराची गरजही नव्हती. तिने पुस्तक माझ्या मांडीवरून ओढून घेतलं, दुसरीपर्यंतच्या शिक्षणाने त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ओठ हलवत "हाथ" हा एवढाच शब्द लावून बघितला. मग पुस्तक परत दिलं.

"खांडव्याले जाशील?"

"माय नाही म्हणते."

"तुझ्या मायले मी सांगते," गोदी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आवाजही. "जाय तू. पुरं पुस्तक वाच, एक पान सोडू नको. आणि तिकडंच राहू नको. मले पुन्हा दिवस जातीन तवा तू इथं पाहिजेस."